स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला वर्कशॉप नावाचा विषय होता. फिटिंग शॉपमध्ये लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे मिळायचे. ते कानशीने घासून गुण्यात आणायचे, एकमेकांत बसतील असे खाचे पाडायचे आणि 'जॉब' म्हणून जमा करायचे. मी माझा जॉब एका सीनियरकडून दीडशे रुपयांना विकत घेतला, त्यावरचा जुना रोल नंबर घासून काढला, माझा ठोकला, वर तेलाचा हात फिरवला. व्हायव्हात बास्टर्ड आणि स्मूथ कानशीतला फरक विचारला, तो मी धडाधड सांगितला. मार्क चांगले पडले. पुढे नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली आणि गेली सहा वर्षं माझ्या हाताला कीबोर्डशिवाय काही लागलेलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतुकीच्या नियमांमधलं एक कलम. घरी बांधलेल्या विमानाला उडायचा दाखला कधी मिळतो, ते त्यात सांगितलं आहे. विमानाचा मोठा भाग अशा माणसांनी घडवलेला आणि जोडलेला हवा, ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हाती घेतलं. कलमात उडण्याच्या हौशीचा उल्लेख नाही, स्वस्तात विमान मिळण्याचाही नाही. सरकारी भाषेत 'शिकायला' हे एखादं यंत्र बनवायचं अधिकृत कारण म्हणून लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते तिथे कसं आलं हे शोधत बसलो.

घरच्या विमानाची गोष्ट तशी विमानाइतकीच जुनी. राईट बंधूंचं विमान सायकलच्या दुकानातच बनलं होतं. पण 'तुम्हीही बनवा' असं म्हणणारा पहिला मोठा माणूस म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ. त्याचं 'देमुआझेल' हे बांबूच्या सांगाड्याचं चिमुकलं विमान. त्यावर त्याने पेटंट घेतलं नाही. १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी मासिकात त्याची रेखाटनं छापून आली. आजच्या भाषेत ओपन सोर्स.

पुढचा टप्पा जास्त गमतीचा आहे. मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं खेडं आहे. तिथला बर्नार्ड पिटेनपोल हा स्वतःच शिकलेला मेकॅनिक. विमानाचं इंजिन त्याला परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला बसवलं. 'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाच्या संपादकाचं मत होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान चालायचं नाही. पिटेनपोल आणि त्याचा मित्र १९३० मध्ये अशी दोन विमानं उडवत थेट त्या संपादकाच्या गावी उतरले. संपादक गडी दिलदार असावा. त्याने मत बदललं आणि पुढे 'एअर कँपर'चे नकाशे छापलेही. हे विमान लोक अजून बांधतात.

एअर कँपर बांधणारा माणूस नेमकं काय शिकतो? पंखाची एक फासळी बनवायला तो फळीवर खिळ्या-ठोकळ्यांचा साचा तयार करतो. त्यात स्प्रूसच्या बारीक पट्ट्या वाकवून बसवतो आणि प्रत्येक सांध्यावर प्लायवूडचा पातळ तुकडा चिकटवतो. एक फासळी झाली की दुसरी, अशा पंचवीस-तीस. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर फरक आंधळ्यालाही कळेल. गोंदाची परीक्षा करायची रीत तर मला फारच आवडली. ज्या गोंदाने खरा सांधा जोडला, त्याच कालवणातून एक नमुन्याचा सांधाही जोडून ठेवायचा आणि वाळल्यावर तो मोडायचा. लाकूड फाटलं तर गोंद पास. तुकडा सांध्यावरच सुटला तर गोंद नापास, आणि त्या दिवशी जोडलेलं सगळंच संशयित.

याच सुमारास फ्रान्समध्ये आँरी मिन्ये नावाचा एक विलक्षण माणूस होता. नेहमीची विमानं चालवणं त्याला काही केल्या जमेना. हाताने काठी आणि पायाने रडर हा मेळच बसेना. यावर बहुतेकांनी नाद सोडला असता. मिन्येने पायाने काहीच करावं लागणार नाही असं विमान बनवलं. एकामागे एक दोन पंख, पुढचा पंख वरखाली हलणारा. त्याचं नाव त्याने ठेवलं 'आकाशातली ऊ'. इंग्रजीत ती 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडती पिसू झाली. हे विमान १९३३ मध्ये उडालं. पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्याने सांगितलं की ज्याला लाकडी खोकं ठोकता येतं त्याला हे बांधता येईल. इंग्रजी भाषांतर १९३५ मध्ये निघालं आणि ब्रिटनमध्ये शेकडो लोकांनी बैठकीच्या खोल्यांमध्ये, गोठ्यांमध्ये, गॅरेजांमध्ये करवती चालवायला सुरुवात केली.

मग माणसं मरू लागली. आधी सगळ्यांना वाटलं की बांधणारेच कच्चे. खोकं ठोकणारे ते, त्यांच्या हातून दुसरं काय होणार? अखेर ही विमानं फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोला पवनबोगद्यात ठेवून तपासली. त्यात दिसलं ते असं की, विमानाचं नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकलं की पुढच्या-मागच्या पंखांमधल्या फटीतून जाणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवते. चालक नाक वर काढायला काठी मागे ओढतो, त्याने नाक उलट आणखी खाली जातं. म्हणजे ज्यांनी नकाशाबरहुकूम चोख काम केलं तेही त्या सापळ्यात होते. ब्रिटनने पिसूला परवाने देणं थांबवलं.

मिन्येवर राग धरणं मला जड जातं. तो स्वतः तेच विमान घेऊन इंग्लिश खाडीवरून उडाला होता. लोकांना पुढे करून मागे राहिलेला नव्हता. पण त्याच्या आश्वासनात एक खोट होती. खोकं ठोकता येणं आणि विमान बांधता येणं यांच्यामधलं अंतर त्याने पुसून टाकलं. खोक्याचा सांधा हलला तर संत्री सांडतात, एवढंच. आणि बांधणारा शिकला तरी काय? नकाशा पाळायला. नकाशा चुकला आहे हे ओळखायला नव्हे.

(विमान म्हटलं की आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे येतातच, तर तेही उरकून घेऊ. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांचं विमान उडालं या गोष्टीला त्या काळातला विश्वासार्ह पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला सोबत दिला जातो, त्यातली यानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. मला वाईट याचं वाटतं की या गदारोळात, त्या काळात मुंबईत एक माणूस असल्या खटपटीत असेल तर त्याच्याकडे कुठली हत्यारं होती, तो लाकूड कुठून आणत होता, सांधे कसे जोडत होता, हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही.)

अमेरिकेतही तिशीच्या दशकात नियम कडक झाले आणि घरच्या विमानांची वाट जवळपास सगळीकडे बंद झाली. अपवाद ओरेगन राज्याचा. तिथे राज्याचे स्वतःचे नियम होते आणि त्या आडोशाला काही हौशी माणसं तग धरून राहिली. त्यांच्यातला जॉर्ज बोगार्डस महायुद्धानंतर १९४७ मध्ये 'लिटल गी बी' नावाच्या एका आसनाच्या विमानात बसला आणि देशाच्या पश्चिम टोकाहून थेट वॉशिंग्टनला गेला. अशी खेप त्याने एकूण तीनदा केली. अधिकाऱ्यांपुढे मांडायला त्याच्याकडे युक्तिवाद असतीलच, पण मुख्य युक्तिवाद बाहेर धावपट्टीवर उभा होता. १९५२ पर्यंत 'प्रायोगिक, हौशी बांधणीचं' असा वेगळा वर्ग नियमांत आला. ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

परवानगी मिळाली, आता शिकवणार कोण? १९५३ च्या जानेवारीत मिलवॉकीमध्ये पॉल पोबेरेझ्नीने काही मित्रांना जमवून एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. १९५५ मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात त्याची लेखमाला आली: हे 'बेबी एस' विमान इंजिनासकट आठशे डॉलरच्या आत बांधा. संघटना फुगली ती तिथून. त्यांचा वार्षिक मेळा १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. बातम्यांमध्ये त्यातल्या कसरती दिसतात. पण मांडवांमध्ये रांगेने टेबलं असतात आणि तिथे कुणी आयुष्यात पहिल्यांदा रिव्हेट ठोकत असतं, कुणी वेल्डिंगची नळी धरत असतं, कुणी कापड ताणत असतं. शिवाय संघटनेचे तांत्रिक सल्लागार असतात. हे स्वतः विमान बांधलेले लोक. ते गॅरेजमध्ये येऊन काम बघतात, पैसे घेत नाहीत. ब्रिटनमध्ये तर असा निरीक्षक टप्प्याटप्प्याला येऊन सही करतो. त्याने आतलं काम पाहिल्याशिवाय पंखाचं तोंड बंद करायचं नाही.

पुढचा काळ मी भराभर सांगू शकतो, पण हातांबद्दल थोडं थांबायला हवं. कापडाचं काम घ्या. पूर्वी सुती किंवा तागाचं कापड पंखावर चढवायचं, लांब सुईने फासळीफासळीला टाके घालायचे आणि डोप नावाचं रोगण लावून ते ताठ करायचं. नंतर पॉलिस्टर आलं, आणि ते ताठ करायचं हत्यार म्हणजे घरातली इस्त्री. तापमान तेवढं मोजून घ्यायचं, कारण जास्त तापलं तर कापड आखडून आतला सांगाडा वाकवू शकतं.

ॲल्युमिनियमचं काम वेगळं. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाच्या हातात हवेवर चालणारी बंदूक, दुसरा पलीकडून पोलादी ठोकळा धरून बसलेला. दाबलेल्या टोकाचा व्यास मूळ काडीच्या दीडपट आणि उंची निम्मी यायला हवी. पण हा आकडा उपयोगी पडतो तो ठोकून झाल्यावर. ठोकताना कळायला लागतो आवाज. पत्र्याला पत्रा घट्ट बसत आला की आवाज बदलतो, आणि हे कुठल्याच पुस्तकातून कळत नाही. नवरा-बायकोने मिळून हजारो रिव्हेट ठोकल्याच्या कथा या जगात भरपूर आहेत. संसार टिकले की नाही, याची आकडेवारी मात्र कुणी ठेवलेली दिसत नाही.

आणि मग बर्ट रुटान. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या या डिझायनरने सत्तरच्या दशकात साच्याशिवाय फायबरग्लासचं विमान बांधायची रीत आणली. थर्माकोलच्या भाऊबंदांपैकी एका फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं, इपॉक्सी मुरवायचं. 'व्हॅरिईझी' १९७५ मध्ये उडालं, त्यामागून मोठं 'लाँग-ईझी' आलं. रुटानला ठाऊक होतं की त्याच्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ कुणीच या पदार्थाला हात लावलेला नाही. म्हणून नकाशांच्या पोथीत विमानाच्या पहिल्या भागाआधी 'शिक्षण' नावाचं प्रकरण आहे. आधी नमुन्याचे तुकडे बनवायचे. एक वजन करून बघायचा, कारण वजन जास्त भरलं तर कापडात इपॉक्सी फार झालं. दुसरा, फोम आणि कापडाचा, दोन टेकूंवर आडवा ठेवून त्यावर स्वतः उभं राहायचं. मोडत नाही हे स्वतःच्या तळव्यांना कळलं, की मगच पुढचं पान. मिन्येचं अंतर पुसणं आणि रुटानचं हे प्रकरण यांच्यामध्ये चाळीस वर्षं आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात याहून मोठं पाऊल नाही.

पण रुटानचं प्रकरण वाचतो तो बांधणारा. नंतर विकत घेणाऱ्याचं काय?

१२ ऑक्टोबर १९९७. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून स्वतःच्या लाँग-ईझीमधून उडाला. विमान नुकतंच घेतलेलं, आणि बांधलेलं दुसऱ्याच कुणी. डेन्व्हर नवशिका नव्हता, २,७०० हून जास्त तास त्याच्या नावावर होते. रुटानच्या नकाशात पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक चालकाच्या पायांमध्ये, डोळ्यांसमोर असतो. या विमानाच्या बांधणाऱ्याने तो चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. पेट्रोलची नळी बसायच्या जागेत नको, हा त्याचा विचार. विचार अडाणी म्हणता येणार नाही. पण कॉकवर खुणा नव्हत्या आणि तो फिरवायला उजव्या हातातली काठी सोडून अंग मागे वळवावं लागायचं. तसं वळताना आधारासाठी उजवा पाय रेटला जातो, आणि त्या पायाखाली रडर असतो. टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या नळ्याही मागे होत्या. उड्डाणाआधी तिथल्या तंत्रज्ञाशी या कॉकबद्दल त्याचं बोलणं झालं होतं, दांडा लांबवायला पक्कड लावून बघून झालं होतं. पेट्रोल भरायचं का, याला त्याने नको म्हटलं. विमान किनाऱ्यालगत समुद्रात कोसळलं. सरकारी तपासाने कारणांमध्ये डेन्व्हरची अपुरी तयारी आणि या विमानाच्या सरावाचा अभाव धरला. तसाच बांधणाऱ्याचा कॉक तिथे बसवायचा निर्णयही धरला.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, आणि कारण विमान नव्हतं. आमच्याकडे असे कॉक रोज सापडतात. कुणीतरी चांगल्या हेतूने एक गोष्ट भलत्या जागी हलवली, नोंद ठेवली नाही आणि नोकरी सोडून गेला. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता दुसऱ्याच कुणाला तिथे हात घालावा लागतो. फरक एवढाच की आम्ही सकाळी घरी जातो.

अमेरिकेच्या नियमाने ही फट ओळखली आहे. अशा विमानाची दुरुस्ती कुणीही करू शकतो, नवा मालकसुद्धा. पण वर्षाची तपासणी करून विमान सुस्थितीत असल्याची सही करायची तर एकतर परवानाधारक मेकॅनिक हवा, नाहीतर ज्याने ते मुख्यतः बांधलं तो माणूस. बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरता 'रिपेअरमन' दाखला मिळतो. विमान विकलं तरी हा दाखला त्याच्याबरोबर जात नाही. लोखंड-लाकूड हस्तांतरित होतं, शिक्षण होत नाही. म्हणून समजूतदार नवे मालक बांधणाऱ्याच्या नोंदवह्या आणि फोटो मागून घेतात, पहिलं वर्ष प्रत्येक झाकण उघडून बघण्यात घालवतात, काही जण तर एखादा भाग स्वतः मुद्दाम पुन्हा बांधतात.

दाखल्याला किंमत आली की तो विकत घ्यायची सोयही होतेच. व्हॅन्स एअरक्राफ्टसारख्या कंपन्यांचे संच नव्वदीनंतर इतके नेटके झाले की भोकं आधीच पाडलेली, अर्धे भाग जुळलेले. मग पैसेवाल्यांनी उरलेलंही मजुरीवर बांधून घ्यायला सुरुवात केली. 'मोठा भाग मी स्वतः, शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधला' या नोटरीसमोरच्या शपथेखाली सही मात्र मालकाची. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने यावर समिती नेमली, कामांची यादी नव्याने केली, एक्कावन्न टक्के कसे मोजायचे यावर घोळ घातला. ते वाचताना मला दीडशे रुपये आठवत होते.

आपल्याकडे वेगळीच अडचण होती. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, उडायची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. वर्तमानपत्रांनी ही लाल फितीविरुद्धच्या झुंजीची कथा म्हणून सांगितली आणि ती तशी आहेही. पण बोगार्डसच्या मागे ओरेगन होतं, पोबेरेझ्नीच्या मागे तळघरात जमणारी टोळी होती. गच्चीवर चौथ्या दिवशी रिव्हेट वाकडा बसला तर येऊन बघणारं, 'काढ, परत मार' म्हणणारं कोण होतं, हे मला त्या बातम्यांत कुठे सापडलं नाही.

मी काही विमान बांधणार नाही. पुण्यात वन बीएचके आहे, गच्ची सोसायटीची. पण मागच्या शनिवारी बोहरी आळीतून इपॉक्सीच्या दोन ट्यूब आणि शिकंजे आणले, एका सुताराकडून सागवानाच्या दोन पट्ट्या मागून घेतल्या आणि नमुन्याचा सांधा जोडला. चोवीस तास हात लावला नाही. रविवारी रात्री पट्टी ओट्याच्या कडेवर धरून जोर लावला. कट् आवाज झाला आणि दोन्ही पट्ट्या अखंडच्या अखंड हातात आल्या, सांधा मधोमध सुटलेला. मी शिकंजे फार आवळले होते. सगळं इपॉक्सी बाहेर पिळून निघालं आणि सांध्यात काही उरलंच नाही. सागवान तेलकट असतं, ते आधी पुसून घ्यावं लागतं, हे सोमवारी सुताराने सांगितलं.